दुसऱ्याच्या चुलीची राख

ठमाबाईच्या पडवीत मी भाड्याने राहायला गेलो तेव्हा तिच्या दारातून शेतच शेत दिसायचं. कल्याणला रुळांच्या पलीकडे, गावाच्या उलट अंगाला, आगऱ्यांची चार घरं होती, त्यांतलं हे शेवटचं. मी मूळचा चिपळूणकडचा. मालधक्क्यावर पोती तोलायच्या काट्यावर नोकरी लागली, आणि गावात एकट्या माणसाला कोणी जागा देईना, म्हणून इथे आलो. माणसं बरी होती, राहिलो. आता त्या बाजूला पूर्वी काय होतं असं कोणी विचारलं की सांगायचाही कंटाळा येतो. भात होतं. दुसरं काय असणार?

पण विचारणारे सोडत नाहीत, तेव्हा एकदाचं सांगून टाकतो.

घरात दोघंच. ठमाबाई आणि तिचा नवरा महिपत. मूलबाळ नव्हतं. शेजारच्या घरात महिपतचा धाकटा भाऊ धाकू आपल्या बायकोपोरांसह राहायचा. महिपतने तरुणपणी मिठागरात काम केलं होतं, पुढे त्याला दमा लागला आणि शेताचं सगळं ठमाबाईच्या अंगावर आलं. नांगराला धाकू यायचा, बाकीचं ती एकटी बघायची. उंच, काटक बाई. बोलायची कमी, पण बोलली की ते झालंच म्हणून समजा. महिपतचं उलट. त्याला श्वास कमी आणि बोलायला फार. ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याची फिरकी घ्यायचा. मला 'काटेवाले' म्हणायचा. "काटेवाले, येकदा मना पन तोला, बगू किती उरलोय," असं म्हणून स्वतःच हसायचा, आणि हसता हसता खोकत सुटायचा.

देशावर मोठा दुष्काळ पडला, त्या सालांत घाटावरून माणसं खाली आली. कोणी रेल्वेच्या कामावर लागलं, कोणी हमालीला, कोणी गाड्या हाकायला. या सगळ्यांना जेवायला लागायचं, आणि रांधून घालायला मागे घर नव्हतं. तेव्हा बाजारपेठेत दोन-तीन खानावळी निघाल्या. मग गावातल्या मोठ्या मंडळींची कुरकुर सुरू झाली. धूर माडीवर येतो, वाळत घातलेले कपडे काळे होतात, देवघरात सुकटीचा वास येतो. बरोबरच होतं त्यांचं, कोणाला आवडेल? त्यांनी चार ठिकाणी शब्द टाकला आणि ठरलं की असल्या चुली गावाबाहेर असाव्यात. गावाबाहेर म्हणजे कुठे, तर आमच्या ठमाबाईच्या दारात. ती राहत होती ते गाव नव्हतंच जणू.

पहिली खानावळ तिच्या कुंपणाला लागून गोपीनाथने टाकली. हा जुन्नरकडचा. दुष्काळात घरचं सगळं गेलेलं, बायको आणि दोन मोठी पातेली एवढंच घेऊन आला होता. गोपीनाथ वाईट माणूस असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. पण तो भला होता. उपाशी माणसाला परत पाठवायचा नाही. दिवसभर चुलीपुढे उभा राहून त्याचे स्वतःचे डोळे लालबुंद असायचे. मीही त्याच्याकडेच जेवायचो. त्याच्या हातची सुकटीची आमटी खाल्ली की अंगातला शीण निम्मा उतरायचा.

एकाच्या शेजारी दुसरी, दुसरीच्या शेजारी तिसरी, असं करत थोड्या वर्षांत तिथे खानावळींची रांग झाली. पूर्वी प्रवासाला निघालेला माणूस दशम्या बांधून घ्यायचा. आता लोक घरूनच सांगून निघायला लागले, कल्याणला गाडी बदलायचीच आहे, तिथे गरम भात खाऊ. गाडीमागून गाडी, आणि प्रत्येक गाडीच्या माणसाला भात वाफाळता हवा. मग चुली विझणार कशा? मुरबाडच्या अंगाने लाकडाच्या गाड्या यायला लागल्या. लाकूड कमी पडलं की खाडीकाठचं तिवर तोडून आणायचे. ते ओलंच जळायचं आणि त्याचा धूर असा कडू, की घशात बसला म्हणजे पाण्यानेही जात नसे. थंडीच्या दिवसांत तो धूर वर चढायचाच नाही. सकाळी दार उघडलं की शेतावर राखाडी पडदा पसरलेला, आणि सूर्य वर आला तरी त्याचं तोंड दिसत नसे.

महिपतने सुरुवातीला त्याचीही थट्टा केली. धुरावरून तो रांगेत काय शिजतंय ते ओळखायचा. "ठमे, आज बांगडा हाय. वासानंच पोट भरला, आता हात धुवाला पानी दे." पण त्याची थट्टा दिवसेंदिवस आखूड होत गेली. एका वाक्यात दोनदा थांबायला लागला. वैद्यांनी काढे दिले आणि सांगितलं, याला धुरापासून लांब ठेवा. वैद्यांना सांगायला काय जातं! पण ठमाबाईने ते मनावर घेतलं. घरातली चूल तिने उचलून मागच्या परसात नेली आणि पावसापाण्यात, उन्हातान्हात तिथेच रांधायला लागली.

आता राबाचं सांगितलं पाहिजे. आमच्या कोकणात काय किंवा या ठाण्याच्या मुलखात काय, भाताचं रोप करायचं तर आधी जमीन भाजतात. शेतातला एक उंचवट्याचा तुकडा त्यासाठी राखलेला असतो. उन्हाळ्यात त्याच्यावर शेण, झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पालापाचोळा, गवत असे थर रचायचे, वर बारीक माती पसरायची आणि आग लावायची. ती धुमसत धुमसत जळते. हाच राब. मग त्यात बी टाकतात, रोप तयार झालं की उपटून साऱ्या शेतात लावतात. राबाचा तुकडा एवढासा, पण सगळं शेत त्याच्या जिवावर. ठमाबाईचा तुकडा तिच्या घराला खेटून होता, आणि त्याच्या दुसऱ्या अंगाला गोपीनाथची खानावळ.

पूर्वी राब लावला की त्या दिवशी महिपत रुळांच्या भरावावर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसायचा. संध्याकाळी हवा निवळली की घरी यायचा. पण आता हवा निवळायचीच नाही. खानावळींचा धूर रोजचा, त्यात राबाचा मिसळला की जाऊन बसायला जागाच उरत नसे. एका साली राबाच्या दिवसांत महिपतला अशी धाप लागली की ओठ निळे पडले, बसलेल्या जागी मान टाकली. धाकूने आणि मी उचलून त्याला खाडीकाठी नेलं. तिथल्या वाऱ्यावर संध्याकाळपर्यंत पडला तेव्हा कुठे माणसात आला. ठमाबाई पूर्ण वेळ त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. तिचा भाऊ आनंदा मानपाड्याला राहायचा, तिकडे सगळं मोकळं रान. ती म्हणाली, राबापुरतं तिकडे जा. महिपत ऐकेना. "बायकोच्या म्हायेरी जाऊन रहू? त्यापरास हितंच गेलेला बरा."

पुढच्या उन्हाळ्यात तिने काय केलं, तर राब लावलाच नाही.

तिने तोड काढली होती. गोपीनाथच्या खानावळीमागे राखेचा ढीग साचायचा, आणि तो कुठे टाकायचा हा त्याला प्रश्न पडलेला असे. ठमाबाईने आपल्या शेणी आणि छाटलेल्या फांद्या त्याला जळणाला देऊन टाकल्या आणि बदल्यात राख मागितली. गोपीनाथ खूश. त्याची माणसं टोपल्या भरभरून राख राबाच्या तुकड्यावर आणून टाकायला लागली. चांगली वीतभर पसरली.

धाकूने ते पाहिलं आणि नांगर तिथेच टाकून आला.

"वयनी, ह्यो काय खेल मांडलाव? राख टाकून राब व्हत नाय. माती भाजाला लागते."

"जलली ती जलली," ठमाबाई म्हणाली. "त्यांचे चुलीन जलली का आपले शेतान, राख तीच."

"आपल्या बापजाद्यांनी उगाच जाललान काय मंग?"

"बापजाद्यांचे दारान खानावल नव्हती, धाकूभावजी. धूर त त्यांचा उठतोच हाय. आपला तरी वाचंल."

महिपत ओट्यावरून ऐकत होता. "माजेपायी शेत नको घालवू गो," एवढंच म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला त्या वेळी तिचं म्हणणं अगदी पटलं होतं. जळण तेच, राख तीच, मग आग कुठे लागली याने काय फरक पडतो? शिवाय माणूस डोळ्यांदेखत घुसमटत असताना कोणी त्याच्या उशाशी जाळ करावा, असं मला वाटत नव्हतं. आजही वाटत नाही.

तो उन्हाळा महिपतला बरा गेला, हे मात्र खरं.

बी पडलं, पाऊस झाला, तुकडा हिरवागार झाला. इतका हिरवा की ठमाबाईने धाकूला बोलावून दाखवला. धाकू उकिडवा बसला, दोन काड्या उपटून पाहिल्या आणि तिच्या हातात दिल्या. एक भात होती, एक गवत. राब जाळतात तो नुसत्या राखेसाठी नव्हे. मातीत पडून राहिलेलं तणाचं बी त्या आगीत मरतं. इथे माती भाजलीच नव्हती. तण बिनधास्त उगवलं होतं, आणि वरून राखेचं खत खाऊन माजलं होतं. कोवळेपणी ते गवत भातासारखंच दिसतं. ठमाबाई तरीही बसली. डोक्यावर इरलं घेऊन, चिखलात, काडी काडी चाचपून तण उपटत राहिली. उपटलेल्या मुठीत निम्मं भात निघायचं. मी कामावर जाताना ती तिथे असायची, आल्यावरही तिथेच. एकदा म्हटलं, "ठमाबाई, पुरे करा." ती म्हणाली, "भाऊ, तुमी जा, जेवून घ्या." तिच्या बोटांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती.

धाकूने आपली लावणी उरकून उरलेलं रोप आणून दिलं. चांगला माणूस, एका शब्दाने टोचून बोलला नाही. पण उरलेलं रोप ते किती पुरणार? एक खाचर लागलं, बाकीचं शेत तसंच पडलं. आगऱ्याचं शेत पावसाळ्यात मोकळं पडणं म्हणजे काय, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. त्या बाजूची खिडकी तिने उघडायची सोडली होती.

मोकळी जागा दिसली की माणसाच्या डोक्यात काहीतरी येतंच. दिवाळीनंतर गोपीनाथ आला. ओट्याखाली उभा राहून हात चोळत म्हणाला, "ठमाबाई, लाकडं ठेवायला जागा नाही हो मला. तुमचा हा तुकडा पडीकच हाय, तर उन्हाळ्यापतुर रचू का? वर्षाचा तांदूळ माझ्याकडून घ्या." घरात तांदूळ नव्हता. महिपतचं काढ्याचं सामानही आणायचं होतं. तिने हो म्हटलं.

लाकडाची रास उभी राहिली. घराच्या कौलाइतकी उंच. उन्हाळा आला तसा धाकू फांद्या तोडून घेऊन आला. या खेपेला राब करायचाच, महिपतला पाठीवर घालून मानपाड्याला नेईन, पण करायचाच, असं त्याने ठरवलं होतं. गोपीनाथ धावत आला. "अरे देवा, वखारीच्या शेजारी आग लावताय? एक ठिणगी उडाली तर सगळी रांग जाईल. माणसं झोपलेली असतात आत!" त्याचंही चूक नव्हतं. त्याला रास हलवायला सांगितली, तर हलवणार कुठे? रांगेत बोटभर जागा उरली नव्हती. चार दिवस वाद झाला, चारजण मध्ये पडले, आणि शेवटी धाकूने फांद्या उचलल्या आणि आपल्या शेतात नेल्या. जाताना नुसता म्हणाला, "गेला तुकडा."

तुकडा गेला तसं शेत गेलं. दुसऱ्याच्या रोपावर दरसाल कोण शेती करणार? खालच्या खाचरांत राख टाकून टाकून गोपीनाथने भर घातली, जमीन वर आली, तिथे बैलगाड्या सुटायला लागल्या. मग गिऱ्हाईक वाढलं म्हणून त्याने आणखी एक चूल घातली, आणि ती घालायला जागा उरली होती ती ठमाबाईच्या भिंतीला लागून. ज्या भिंतीआड महिपत निजायचा, त्याच भिंतीला. गोपीनाथने विचारलं होतं, अगदी हात जोडून विचारलं होतं. पण वर्षाचा तांदूळ ज्याच्या घरचा, त्याला नाही कसं म्हणायचं, ते सांगा मला. मी चिडलो, गोपीनाथशी भांडलो, आठ दिवस दुसऱ्या खानावळीत जेवलो. त्या खानावळीची चूलही त्याच रांगेत होती. माझ्या रागाने त्या हवेत काडीचा फरक पडला नाही.

भिंत दिवसभर तापलेली असायची. कौलांच्या फटींतून धूर आत यायचा. महिपतची थट्टा बंद झाली. मला काटेवाले म्हणायचंही त्राण त्याच्यात राहिलं नाही. नुसता हात वर करायचा. शेवटी आनंदा बैलगाडी घेऊन आला आणि त्याने महिपतला उचलून गाडीत निजवलं. बायकोच्या माहेरी जायचं नाही म्हणणारा माणूस गाडीतून आमच्याकडे बघत गेला. त्याच्या डोळ्यांत शरम होती. मला ती बघवली नाही.

ठमाबाई मागे राहिली. घर सोडलं असतं तर महिन्याभरात तिथेही पातेली लागली असती, हे तिला दिसत होतं. आणि आनंदाच्या घरी खाणारी तोंडं आधीच खूप. नवऱ्याच्या वाटचा तांदूळ आपण पोचवायचा, तो कोणाच्या जिवावर जगायला नको, असं तिने ठरवलं. मग तांदूळ मिळवायचा कुठे? ती गोपीनाथच्या चुलीवर कामाला राहिली. तीच भिंतीजवळची चूल. लाकडं सारायची, फुंकर मारायची, पातेली उतरवायची. लोक म्हणाले, बघा, हिला लाज नाही. मला असा संताप यायचा! तुम्ही तिच्याच हातचा भात खाता आणि तिलाच नावं ठेवता?

महिन्या-दोन महिन्यांनी ती मानपाड्याला जायची. एकदा माझी सुटी होती, तांदळाचं गाठोडं जड होतं, म्हणून मी बरोबर गेलो. निघायच्या आदल्या दिवशी तिने परसात पाणी तापवून केस धुतले, रिठे लावून, पुन्हा माती लावून. धुवट लुगडं तिने धाकूच्या घरात ठेवलेलं होतं, ते तिथे जाऊनच नेसली. मला वाटलं, बाई नवऱ्याला भेटायला निघाली आहे, नीटनेटकी होते आहे.

मानपाड्याला पोचलो तेव्हा दुपार कलत होती. वारा छान होता. महिपत अंगणाच्या कडेला एका दगडावर बसला होता, आणि मी त्याला ओळखलंच नाही. गाल भरले होते. आम्हाला पाहून तो उठला, चार पावलं चालत पुढे आला आणि म्हणाला, "काटेवाले, आता तोला मना!" मला इतका आनंद झाला की काय सांगू. ठमाबाई त्याच्याजवळ जाऊन बसली, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो तिला आनंदाच्या म्हशीचं काहीतरी सांगायला लागला.

आणि मग त्याला खोकला आला. आधी थोडासा, मग थांबेचना. छाती वाजायला लागली. आनंदाची बायको पाणी घेऊन धावली. मी इकडेतिकडे पाहिलं, कुठे जाळ आहे का, कोणी चूल पेटवली का. काही नव्हतं. ठमाबाईने हात काढून घेतला, उठली, जमिनीवरची चिमूटभर धूळ उचलून सोडली आणि वारा कुणीकडचा आहे ते पाहिलं. मग अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन बसली. ती तिथे गेल्यावर हळूहळू त्याचा खोकला थांबला. आनंदाच्या घरातली माणसं आपापल्या कामाला लागली. हे त्यांना नवीन नसावं.

मग दोघं बोलली. एवढ्या लांबून बोलायचं म्हणजे तिला ओरडावं लागायचं. "जेवन जाता का पोटान?" "निजता का?" तो मानेने सांगायचा. नवराबायकोचं बोलणं आनंदाच्या घरातली पोरं, शेजारीपाजारी, सगळे ऐकत होते. मी उठून शेताकडे गेलो. मला ते सोसलं नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही निम्मं अंतर चालून आलो. मग तिने पदर मागे सारला, आपला जाड अंबाडा हाताने चाचपला आणि हात नाकाशी नेला.

"लुगडा बदलला त वास जातो," ती म्हणाली. "केसांतला जात नाय. दुसरे खेपेला केस कारून टाकीन म्हनतंय. पार वस्तऱ्यानं."

मी रस्त्यातच थांबलो. "असं अभद्र बोलू नये, ठमाबाई. नवरा जिवंत आहे तुमचा."

"जिवंत हाय," ती म्हणाली, "म्हनूनच त."